शाखा बंद होणार असं पत्र आलंय; आता तीन महिन्यांत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील सत्तरीपुढचे, दोघांची खाती, मुदत ठेवी आणि लॉकर एकाच शाखेत. ही शाखा तीन महिन्यांनी बंद होणार, खाती लांबच्या शाखेकडे वर्ग होणार आणि 'बहुतेक सर्व सेवा ॲपवर उपलब्ध आहेत' असं बँकेचं पत्र आलंय. तेव्हा जवळ शाखा असलेली दुसरी बँक गाठावी, की त्यांना ऑनलाइन व्यवहार शिकवावेत? आणि ऑनलाइन कितपत सुरक्षित?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं शाखेत गेली आणि शेवटची काही ग्राहकांना ॲपकडे वळवणाऱ्या विभागात. म्हणजे आधी लोकांना शाखेत बोलवायचा पगार घेतला, नंतर त्यांना शाखेपासून लांब ठेवायचा. त्यामुळे मला दोन्हीकडचं थोडं माहीत आहे.

रोजचे व्यवहार फोनवर न्यायला हरकत नाही; बिलं, पैसे पाठवणं, शिल्लक बघणं हे ॲप काउंटरपेक्षा चांगलं करतं. बँक मात्र घाईने बदलू नका. आणि मुख्य म्हणजे हे तीन महिने ॲप शिकण्यात घालवू नका, ते नंतरही शिकता येईल. समोर ओळखीचा माणूस बसलेला असताना जी कामं अर्ध्या तासात होतात आणि तो उठून गेल्यावर ज्यांना महिने लागतात, ती आधी उरकून घ्या. पत्रातल्या 'बहुतेक' या शब्दाबाहेर राहिलेली सगळी कामं नेमकी हीच असतात.

आधी शाखा बंद का होतात ते बघू, कारण पुढे बँकेशी बोलताना ते उपयोगी पडतं. लोक सगळा दोष फोनला देतात. पण पहिलं एटीएम १९६७ च्या जूनमध्ये लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेने लावलं, तेव्हापासून शाखा संपणार अशी भाकितं होत आली आणि बराच काळ ती खोटी ठरली. अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात सरासरी शहरी शाखेतले रोखपाल २० वरून १३ वर आले, पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी उलट जास्त शाखा उघडल्या. तिथली शाखांची संख्या २००९ च्या सुमारास शिखरावर होती, मग उतरू लागली. त्याच सुमारास स्मार्टफोन हातात आले हे खरं, पण आणखी एक गोष्ट घडली. २००८ च्या संकटानंतर अनेक देशांत व्याजदर शून्याजवळ आले. शाखा ही मुळात ठेवी गोळा करायची जागा. लोकांच्या स्वस्त ठेवी गोळा करायच्या आणि त्या जास्त दराने कर्जाऊ द्यायच्या, या फरकावर शाखेचं भाडं आणि पगार निघायचे. तो फरकच आटला तेव्हा मुख्यालयातल्या तक्त्यात शाखा नुसती खर्चाची बाब दिसू लागली. त्यात बँकांची विलीनीकरणं झाली की एकाच रस्त्यावर दोन शाखा उरतात. त्यातली एक जाणार हे ठरलेलंच.

बँक सांगते की 'या शाखेतली वर्दळ घटली आहे'. आकडा खरा असतो, पण तो कसा तयार होतो हेही बघावं. आधी वेळ कमी होते. मग आठवड्यातले काही दिवस रोखीचं काउंटर बंद. मग दोन अनुभवी माणसांची बदली होते आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. रांग लांबते, लोक कंटाळून यायचे थांबतात आणि त्यानंतर वर्दळ मोजली जाते. हे कट म्हणून होत असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक निर्णय वेगळ्या खात्यात, वेगळ्या कारणाने होतो. ग्राहकाच्या पदरात पडतं ते मात्र एकच.

याचं प्रमाण किती मोठं आहे, ते ब्रिटनच्या उदाहरणावरून कळेल. तिथे २०१५ पासून ६,००० हून जास्त शाखा बंद झाल्या. त्यानंतर सरकारला जाग आली. २०२३ च्या वित्तीय कायद्याने बँकांवर देखरेख करणाऱ्या नियामकाला अधिकार मिळाले आणि सप्टेंबर २०२४ पासून नियम असा की एखाद्या भागात रोख काढण्या-भरण्याची सोय कमी पडत असेल, तर मोठ्या बँकांनी तिथल्या गरजेचा अंदाज घेऊन पर्याय द्यायचा. शहरात साधारण एक मैल आणि ग्रामीण भागात तीन मैलांच्या आत सोय असावी हे सरकारी धोरण. त्यातून 'बँकिंग हब' ही सामायिक जागा आली. काउंटर पोस्ट ऑफिस चालवतं, कोणत्याही मोठ्या बँकेचा ग्राहक तिथे रोख भरू-काढू शकतो आणि वेगवेगळ्या बँकांची माणसं आठवड्यात आळीपाळीने बसतात. स्वीडनमध्ये रोख इतकी मागे पडली होती की जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोखीची सेवा देण्याचं कायदेशीर बंधन घालावं लागलं. नेदरलँड्समध्ये तीन मोठ्या बँकांनी आपली एटीएम एकत्र करून एकच सामायिक जाळं केलं. अमेरिकेत विमासंरक्षित बँकेला शाखा बंद करण्याआधी ग्राहकांना ९० दिवसांची सूचना द्यावीच लागते.

आणि स्पेन. २०२२ च्या सुरुवातीला वलेन्सियाचे निवृत्त डॉक्टर कार्लोस सान हुआन यांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही' असं म्हणत सह्यांची मोहीम काढली. सहा लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि काही आठवड्यांतच तिथल्या बँकांनी सकाळी ९ ते दुपारी २ काउंटर उघडं ठेवण्याचं, ज्येष्ठांना प्राधान्य देण्याचं लेखी कबूल केलं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्यांनी ॲप बंद करा अशी मागणी केली नव्हती, माणूस ठेवा अशी केली होती. म्हणून बँकेला पत्र लिहाल तेव्हा 'शाखा बंद करू नका' एवढंच लिहून थांबू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: रोख भरायची सोय कुठे? लॉकरचं काय? मृत खातेदाराचा दावा कोणाकडे द्यायचा? घरी येऊन सेवा मिळते का, आणि कोणाला? नेमक्या प्रश्नांना नेमकं उत्तर द्यावं लागतं, आणि ते लेखी राहतं.

आता मूळ मुद्दा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शाखा म्हणजे पैसे काढणं, भरणं आणि पासबुक छापणं. ती कामं यंत्राने कधीच घेतली. शाखेत बसलेल्या माणसाचा खरा दिवस जायचा अडलेल्या कामांत. सही जुळत नाही. एका कागदावर मधलं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. नवरा गेला आणि खातं त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. वीस वर्षांपूर्वीची ठेव पावती सापडली, पण त्यावरचा पत्ता तीन घरांपूर्वीचा. मुलगा परदेशात, त्याने दिलेलं अधिकारपत्र बँकेला चालेल का? यातलं एकही काम ॲपच्या मेनूत नीट बसत नाही, कारण मेनू नेहमीच्या गोष्टींसाठी बनवलेला असतो. शाखेतला अनुभवी अधिकारी कागद बघून म्हणायचा, 'हे असं चालणार नाही, पण यासोबत हा दुसरा कागद आणा, मी करून देतो.' या एका वाक्यासाठी आता हेल्पलाइनवर चार वेळा तीच कथा चार वेगवेगळ्या माणसांना सांगावी लागते.

दुसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते: शाखेचा संथपणा हे एक संरक्षण होतं. म्हातारा माणूस घाबऱ्या चेहऱ्याने आला आणि मोठी रक्कम अनोळखी खात्यावर पाठवायला सांगू लागला, तर काउंटरवरची बाई विचारायची, 'काका, कोणाला पाठवताय? घरी माहीत आहे का?' एवढ्यावर किती फसवणुकी थांबल्या असतील याची मोजदाद नाही. ब्रिटनमध्ये याच शहाणपणाला नियमाचं रूप मिळालं. २०१६ मध्ये लंडनमध्ये सुरू होऊन २०१८ पर्यंत देशभर पोचलेल्या 'बँकिंग प्रोटोकॉल'नुसार शाखेतल्या कर्मचाऱ्याला संशय आला तर तो थेट पोलिसांना बोलावू शकतो. फोनवर मात्र तोच माणूस एकटा असतो, समोरच्याचा आवाज कानात आणि बोट स्क्रीनवर. म्हणून ऑनलाइन जाताना तो संथपणा आपल्यालाच परत बसवावा लागतो. कसा, ते पुढे सांगतो.

तिसरं नुकसान व्यावसायिकांचं. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात विलीनीकरणांमुळे ज्या भागांत शाखा गेल्या, तिथे छोट्या धंद्यांना मिळणारी कर्जं वर्षानुवर्षं कमी राहिली, असं अभ्यासात दिसलं आहे. घरकर्जं मात्र लवकर पूर्ववत झाली. कारण उघड आहे. घरकर्ज कागदांवर ठरतं. छोट्या धंद्याचं कर्ज बरंचसं, 'या माणसाला मी ओळखतो, हा बुडवणार नाही' या माहितीवर ठरायचं आणि ती माहिती शाखेबरोबर गेली. ज्यांचा धंदा रोखीचा आहे त्यांनी रोख भरण्याचा पर्याय आजच शोधावा, बाकी सगळं नंतर.

तर आता तीन महिन्यांत काय करायचं. पहिल्याच आठवड्यात शाखेत जा, शक्यतो महिन्याच्या मधल्या दिवसांत, जेव्हा गर्दी कमी असते. आई-वडील दोघंही सोबत हवेत. बँकेकडे नोंदलेली त्यांची माहिती छापून मागा: नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, ईमेल, सहीचा नमुना. छापलेलं डोळ्यांनी बघायचं, तोंडी 'सगळं बरोबर आहे' यावर विसंबायचं नाही. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. हात थरथरत असेल तर सहीचा नवा नमुना आत्ताच द्या. पुढे सही नाकारली गेली की काय करायचं हे दूरच्या शाखेत कोणी प्रेमाने समजावणार नाही. सही करणं जमतच नसेल तर अंगठ्याचा ठसा किंवा खुणेने व्यवहार करण्याची बँकेची पद्धत विचारून घ्या आणि नोंदवून टाका.

मग खात्यांची रचना. दोघांची एकत्र खाती असतील तर व्यवहाराची सूचना काय लिहिली आहे? 'दोघांच्या सहीने' असं असेल तर एक जण अंथरुणाला खिळताच खातं अडकतं. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना असेल तर मागे राहिलेल्याला फारसा त्रास होत नाही. एकट्याच्या नावावरच्या ठेवींचं काय, नामनिर्देशनाची (नॉमिनी नोंदवण्याची) सोय असेल तर ते प्रत्येक ठेवीवर आहे का, की फक्त बचत खात्यावर? ठेवींवरचं नामनिर्देशन फार वेळा राहून जातं, कारण बचत खात्याचा अर्ज एकदाच भरला जातो आणि ठेवी वर्षानुवर्षं नूतनीकरण होत राहतात. नामनिर्देशित व्यक्तीचं नाव पावतीवर छापून घ्या. अर्ज दिला म्हणजे नोंद झाली असं मी अजूनही मानत नाही.

लॉकर सोपा वाटतो, पण शाखा बंद होताना तोच सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. लॉकर फोनवर जात नाही. तो कुठल्या शाखेत हलणार, आपल्याला तोच आकार मिळेल का, की आधी रिकामा करून किल्ली परत द्यायची, हे लेखी मागा. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका. त्या दिवसांत शाखेतली अर्धी माणसं नव्या ठिकाणी रुजू झालेली असतात आणि उरलेली कागद खोक्यांत भरत असतात. उघडायच्या दिवशी दोघं जा, आतल्या वस्तूंची यादी करा, फोटो काढा.

सगळ्या ठेव पावत्या, जुन्या खात्यांची पासबुकं, विसरलेली खाती एका टेबलावर आणा. शाखेतल्या माणसाला ग्राहक क्रमांकावरून सगळी खाती दाखवायला सांगा. एकाच माणसाला दोन ग्राहक क्रमांक दिले गेलेले असतात हे किती सामान्य आहे ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ॲपमध्ये मग एकाच क्रमांकाखालची खाती दिसतात आणि दुसऱ्याखालची ठेव 'गायब' होते. हे दोन क्रमांक जोडण्याचं काम शाखेत करून घ्या. सोबत मागच्या काही वर्षांचे खातेउतारेही घ्या, कारण ॲप बहुतेक वेळा मर्यादित काळाचाच इतिहास दाखवतं. शाखा बदलल्याने खाते क्रमांक, शाखा संकेतांक किंवा चेकबुक बदलणार का हेही विचारा. विलीनीकरणात हे बदलतं, आणि मग निवृत्तिवेतन, विम्याचा हप्ता, लाभांश ज्या ज्या ठिकाणी जुना संकेतांक दिलेला असतो तिथे तो सुधारावा लागतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर मुलं माझ्याशी हटकून वाद घालतात. आई-वडिलांच्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडू नका. 'त्यांना ओटीपी कळत नाही, माझ्याकडेच येऊ दे' हे सोयीचं वाटतं, पण बँकेच्या दृष्टीने दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करणं हा अटींचा भंग आहे. काही फसवणूक झाली तर बँकेला हात झटकायला आयतं कारण मिळतं. भावंडांत वाद झाला तर 'पैसे कोणी काढले' याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसतं. मदत करायची तर उघड मार्गाने करा: बँकेत नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र, किंवा खाते चालवण्याचा मर्यादित अधिकार. मुखत्यारपत्राच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. ते मृत्यूबरोबर संपतं. त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार बेकायदा. आणि अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र माणसाची निर्णयक्षमता गेली की निकामी होतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. काही ठिकाणी अशा स्थितीतही टिकणारं वेगळं पत्र करता येतं, ब्रिटनमध्ये तशी तरतूद आहे. आपल्याकडे काय चालतं ते वकिलाला विचारा, आणि आई-वडिलांची बुद्धी शाबूत असताना विचारा.

आता ऑनलाइन. संथपणा परत बसवायचा म्हणालो, त्याची सुरुवात खातं दोन भागांत वाटण्यापासून. घरात मोठी रक्कम कपाटात आणि रोजची खिशात असते, तसं. एका खात्यात महिनाभराच्या खर्चाएवढी रक्कम. ॲप, कार्ड, सगळं त्यालाच जोडलेलं. बाकी बचत दुसऱ्या खात्यात, ज्याला कार्ड नाही, ॲपवरून पाठवण्याची मर्यादा शून्य किंवा अगदी कमी. चोर फोनमध्ये शिरला तरी त्याच्या हाती महिन्याचा खर्च लागेल, आयुष्याची कमाई नाही. माझ्या मते सत्तरीपुढच्या माणसासाठी पासवर्डच्या शंभर सूचनांपेक्षा ही एक व्यवस्था जास्त कामाची आहे.

मग रोजची मर्यादा. बँक जी देते ती ठेवू नका, स्वतः खाली आणा. नव्या खात्यावर पहिल्यांदा पैसे पाठवताना काही तास थांबवण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवा, 'किती कटकट' असं वाटलं तरी. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकांना संशयास्पद पेमेंट ७२ तासांपर्यंत रोखून धरायची मुभा दिली, ती याच विचाराने. पाठवताना समोरच्या खातेदाराचं नाव दिसत असेल तर ते वाचायची सवय लावा. युरो क्षेत्रातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून नाव आणि खाते क्रमांक जुळतात का हे दाखवणं बंधनकारक झालं आहे. नाव जुळत नाही असा इशारा आला आणि फोनवरचा माणूस 'दुर्लक्ष करा, तो तांत्रिक दोष आहे' म्हणाला, तर तो माणूस चोर आहे. यात अपवाद नाही.

फोनबद्दल दोनच गोष्टी, पण काटेकोर. सिमकार्डला पिन लावा, म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येणार नाही. आणि फोनला अचानक नेटवर्क येईनासं झालं, बाकीच्यांचं चालू असूनही, तर ते बिघाड समजून रात्रभर वाट पाहू नका. कोणीतरी तुमच्या नावाने नवं सिम काढलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

बँकेचा हेल्पलाइन क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. खोटे क्रमांक मुद्दाम वर दिसतील असे पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ ठेवा. आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप उतरवून घ्यायला सांगणारा माणूस कधीच बँकेचा नसतो. आईला एवढंच सांगितलं तरी चालेल: 'बँकेचा फोन आला तर ठेवून दे, आणि आपण कागदावरच्या नंबरला लावू.' उद्धटपणा वाटेल या भीतीने आपली माणसं फोन ठेवत नाहीत. ती परवानगी घरातूनच द्यावी लागते.

ऑनलाइन सुरक्षित आहे का, याचं प्रामाणिक उत्तर फसवणुकीच्या प्रकारावर अवलंबून आहे. तुमच्या नकळत पैसे गेले तर बहुतेक देशांत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण घड्याळ लावून. अमेरिकेत कार्ड किंवा पासवर्ड हरवल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, उशीर झाला तर ५००, आणि बँकेने खातेउतारा पाठवल्यापासून ६० दिवसांनंतर त्याहूनही वाढू शकते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून मधल्या यंत्रणेतली असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. युरोपीय संघात मर्यादा साधारणपणे ५० युरो. पण फसवून का होईना, तुम्ही स्वतः बटण दाबलंत तर गोष्ट बदलते. 'व्यवहार ग्राहकाने स्वतः केला' म्हणून बँका वर्षानुवर्षं हात वर करत आल्या. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून असे पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत देण्याचं बंधन घातलं, भार पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा सोसायचा. इतरत्र अजून असं ठोस संरक्षण क्वचितच आहे. आपल्या देशातला कळवण्याचा अवधी शोधा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा.

यंत्रणाच पडली तर? पडते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये खाती नव्या संगणक प्रणालीवर नेली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांना खातं उघडता येईना. सिंगापूरची डीबीएस ही तंत्रज्ञानात नाणावलेली बँक २०२३ मध्ये इतक्या वेळा अडखळली की नियामकाने सहा महिने अत्यावश्यक नसलेले तांत्रिक बदल करायला मनाई केली. आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीजच गेली तेव्हा कार्डं निकामी झाली, ज्याच्या खिशात नोटा होत्या त्यालाच पाणी विकत घेता आलं. त्यानंतर काही आठवड्यांत नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने लोकांना घरात प्रौढामागे ७० युरो रोख ठेवायचा सल्ला दिला. म्हणून दुसऱ्या एखाद्या बँकेत लहानसं चालू ठेवलेलं खातं, वेगळं कार्ड आणि काही दिवसांची रोख, सुट्ट्या पैशांसह, असू द्या.

बँक बदलायची का? जवळची दुसरी शाखाही पाच वर्षांत जाणार नाही याची कोणी हमी देणार नाही, म्हणून फक्त शाखेसाठी बदलू नका. एक चाचणी करा. सध्याच्या बँकेच्या हेल्पलाइनला दुपारी फोन लावा आणि विचारा, 'खातेदार वारला तर काय कागद लागतात?' जिवंत माणसापर्यंत पोचायला किती वेळ लागला आणि त्याने उत्तर वाचून दाखवलं की खरंच दिलं, यावरून त्या बँकेची अडलेली कामं कशी होतील याचा अंदाज येतो. तोच फोन दुसऱ्या बँकेला करा. मग ठरवा.

फक्त ॲपवर चालणाऱ्या बँका दुसऱ्या खात्यासाठी चांगल्या असतात, पण ती खरंच परवानाधारक बँक आहे का ते बघा. काही ॲप बँकेसारखी दिसतात, पैसे मात्र मधल्या कंपनीमार्फत तिसऱ्याच बँकेत ठेवतात. अमेरिकेत सिनॅप्स ही अशी मधली कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. ठेव विमा बँक बुडाली तर कामाला येतो. इथे बँक बुडाली नव्हती, कोणाचे किती पैसे याचा हिशेब हरवला होता, आणि त्याला विमा लागू होत नव्हता.

शेवटी, वडील 'मला ते ॲप नकोच' म्हणाले तर जबरदस्ती करू नका. आई शिकायला तयार असेल तर रोजचं खातं तिच्याकडे द्या. वडिलांसाठी फोनवरून चालणारी बँकसेवा, चेकबुक, टपालाने येणारा खातेउतारा आणि बिलांसाठी स्थायी सूचना (ठरल्या तारखेला बँकेने आपोआप पैसे भरायचे) एवढं नोंदवा. या सगळ्यांना लागणारे अर्ज शाखेतच मिळतात, आणि फोन बँकिंगचा पिन साधारणपणे टपालाने येतो, तेव्हा तो हातात पडून एकदा चालवून बघेपर्यंत शाखा उघडी असेल अशा बेताने अर्ज आधीच द्या.